अर्धा फूट सोडून

टेलरबाईंच्या घरात सगळ्यांत जास्त मान माशाला होता, आणि त्या मानाची सगळ्यांत कमी कदरही माशालाच होती. लेकीने त्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं होतं. तोंड कायम पाडलेलं, डोळे वटारलेले, आणि जेवायला जरा उशीर झाला की तळातले खडे तोंडात धरून काचेवर फेकायचे. अशा जिवाला दुसरं नाव तरी काय शोभणार? जात ऑस्कर. काळपट अंगावर नारिंगी रेघोट्या. घरात आले तेव्हा साहेब बोटाच्या दोन पेरांएवढे होते. आता ते बाईंच्या मनगटापासून कोपरापर्यंत भरत होते, आणि पाणी बदललं की रुसून तळाला आडवे पडत होते. पहिल्यांदा तसे पडले तेव्हा ते गेलेच असं समजून बाई मशीनवर डोकं टेकून रडल्या होत्या. साहेब त्यांच्याकडे एका डोळ्याने बघत निवांत पडून होते.

आता बाई रडत नव्हत्या. आता त्यांचं डोकं फिरत होतं. शाळा उघडायच्या तोंडावर घरात गणवेशांचे ढीग पडलेले, सोफ्यावर शर्ट, खुर्चीवर हाफपँटी, पलंगाखाली कापडाचे तागे, आणि या सगळ्यातून वाट काढत बादल्यांनी पाणी काढायचं आणि बादल्यांनी पाणी भरायचं. मासा मोठा, टाकी लहान, त्यामुळे पाणी दोन दिवसांत गढूळ. बरं, टाकी लहान का? तर नवरा काचवाला. ज्याच्या घरी काचेचं दुकान, त्याच्या माशाला टाकी पुरत नाही, हे बाहेर कुणाला सांगितलं तर लोक हसतील म्हणून बाई सांगतही नव्हत्या.

घर म्हणजे पुढे रस्त्याला लागून नवऱ्याचं दुकान आणि मागे तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. खिडक्यांच्या काचा, कपाटांचे आरसे, टेबलावरच्या काचा, हा त्याचा धंदा. हात असा, की एकदा रेघ ओढली की काच आज्ञेत असल्यासारखी तुटायची. पण माशाच्या बाबतीत त्याचं एक ठरलेलं होतं. आज मासा जेवढा, तेवढी टाकी. पहिलं गोल भांडं लेकीने विकत आणलं होतं. ते अपुरं पडलं तेव्हा त्याने दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून फूटभराची टाकी केली. ती अपुरी पडली तेव्हा दोन फुटांची. प्रत्येक टाकी मापात, कोपरे काटकोनात, एक थेंब गळेल तर शपथ. आणि प्रत्येक टाकी तयार होईस्तोवर मासा तिच्याबाहेर गेलेला. बाई दर वेळी सांगायच्या की अहो, वाढत्या अंगाची करा. पालथ्या घड्यावर पाणी. मासेवाल्याने कधीतरी त्याच्या कानात फुंकलं होतं की मासा भांड्याएवढाच वाढतो, भांडं आवरतं ठेवलं की मासाही आवरतो. साहेबांना हे कुणी कळवलं नव्हतं. पण नवऱ्याला ते मनापासून पटलं होतं, कारण त्याचा जगाबद्दलचा एकूण अंदाजच तो होता.

त्याचं म्हणणं, काच नेहमी चौकटीपेक्षा दोन सूत कमी कापायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कमी कापलेली काच बसवता येते, कडेने भरता येतं. पण सूतभर जरी मोठी झाली तर ती बसत नाही, आणि दाबून बसवायला गेलं तर तडकते. म्हणून माणसाने चौकट बघून राहावं. अंथरूण पाहून पाय पसरावेत.

बाईंचं सगळं याच्या उलट. कापड कमी कापलं गेलं तर ते जन्मात वाढत नाही, जास्त असलं तर आत दुमडता येतं. लहान मुलाचा कपडा शिवताना त्या शिवणीत कापड राखून ठेवायच्या. शिवणकामात त्याला ‘माया’ म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची, आणि तोच शर्ट आणखी वर्षभर चालतो. बाईंच्या हातचे कपडे थोरल्याकडून धाकट्याकडे जात ते या मायेच्या जोरावर. माया न सोडता शिवणाऱ्या दुसऱ्या टेलरांबद्दल त्या जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोघंही टेपने मोजायचे, दोघंही इंचांत बोलायचे, आणि इतक्या वर्षांच्या संसारात एकाने दुसऱ्याच्या धंद्यात कधी नाक खुपसलं नव्हतं. सुखाचा संसार म्हणतात तो असाच चालतो. घोडं पेंड खातं ते मूल झाल्यावर.

लेक एकुलती एक. कॉलेज संपल्यावर ती दुकानात बसायला लागली, आणि काच कापण्यात बापाच्या तोडीस तोड निघाली. सिलिकॉन भरण्यात तर त्याच्याही वर. दोन काचांच्या सांध्यात तिने भरलेली ती पारदर्शक रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जाडीची असायची. गेल्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की आपण मोठ्या टाक्या करू. ऑफिसं, हॉटेलं, दवाखाने, सगळ्यांना हव्या असतात. बाप म्हणाला, खिडक्या कर. ती म्हणाली, खिडक्या तुम्ही करा, टाक्या मी करते. चार दिवस हे धुमसत राहिलं आणि पाचव्या दिवशी तो म्हणाला की या दुकानात मावायचं असेल तर दुकानाच्या मापाने राहावं लागेल.

“मग मी नाही मावत,” लेक म्हणाली होती.

आणि बॅग भरून ती दुसऱ्या शहरात गेली, मोठमोठ्या टाक्या बांधणाऱ्या कंपनीत. साहेबांना बसमधून कसं नेणार? ते राहिले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन यायचा. बाईच घ्यायच्या. लेक आधी विचारायची, साहेब कसे आहेत? नवरा मागे उभा राहून एखादी पुसलेलीच काच पुन्हा पुसत हळूच सांगायचा, की सांग, आज गांडूळ खाल्लं. बाई सांगायच्या. मग लेक विचारायची, पाण्याचा रंग कसा आहे? नवरा म्हणायचा, सांग, फिल्टरचा स्पंज कालच धुतला. बाप-लेक एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते, पण माशाबद्दल अर्धा-अर्धा तास बोलत होते, आणि मध्ये बाई टेलिफोनच्या तारेसारख्या उभ्या होत्या. वैताग यायचा, पण बाईंना एक पक्कं ठाऊक होतं. हा मासा आहे तोवर हा फोन आहे. लेक हट्टी, बाप तिचाही बाप. माशाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलायची वेळ आली तर दोघंही मूग गिळून बसतील, आणि मग आज ना उद्या तो फोनही थांबेल. साहेबांचं पाणी बदलताना बाईंच्या पोटात ही एकच भीती असायची.

आणि एका रविवारी तीच वेळ येऊन ठेपली. बोलता बोलता लेकीने विचारलं की टाकी अजून दोन फुटांचीच आहे का. बाईंच्या तोंडून हो गेलं. मग तिने खोदून खोदून विचारलं, त्याला नीट वळता येतं का, नाक घासलं गेलंय का, खाणं कमी झालंय का. नाक घासलं गेलं होतं. खाणंही कमी झालं होतं. लेक म्हणाली की ऑस्करला किमान चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टाकी लागते, नाहीतर हाल होऊन मरतो तो. तिच्या कंपनीने एका ऑफिसात मोठी टाकी बसवली होती, ते लोक साहेबांना ठेवून घ्यायला तयार होते.

“पुढच्या रविवारी गाडी पाठवते, आई. तुम्हालाही ओझंच आहे त्याचं.”

ती हे चांगल्या मनाने म्हणाली होती, हाच खरा त्रास. गाडी नको, आम्ही मोठी टाकी करतोय, असं बाई घाईघाईने बोलून गेल्या. लेक म्हणाली, बघू, रविवारी फोन करते.

शेजारच्या नर्सबाई त्याच वेळी आपला गणवेश न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि न विचारता सल्ला दिला. पाखरू उडालं, आता मासा कशाला धरून ठेवायचा? द्या पाठवून. मुली मोठ्या झाल्या की माया सोडायला शिकावं माणसाने. बाईंनी त्यांचा गणवेश घडी घालून हातात दिला. त्याच गणवेशाच्या कमरेतली माया त्यांनी आत्ताच बाहेर काढली होती, दोन्ही बाजूंनी, आणि तरी जेमतेम बसणार होता. पण हे बोलायचं नसतं.

नवरा दाराशी उभा होता. गाडीचं बोलणं त्यानेही ऐकलं असावं, कारण हातातलं फडकं थांबलं होतं. बाई मशीनवर बसल्या, एक पँट ओढली, तोंडात टाचण्या धरल्या आणि पाय चालवायला सुरुवात केली. रागात त्यांना हात रिकामे ठेवता येत नसत. त्याने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, “माप?”

टाचण्या धरलेल्या दातांतून आणि मशीनच्या खडखडाटातून बाईंनी सांगितलं की चार बाय दीड, आणि दोन्हींना अर्धा-अर्धा फूट माया सोडा. माया हा शब्द टाचण्यांत अडकला. नवऱ्याला ऐकू आलं ते एवढंच, की चार बाय दीड, दोन्हींना अर्धा फूट सोडा. तो मान डोलावून गेला. कधी नव्हे तो वाद न घालता गेला, तेव्हाच बाईंनी ओळखायला हवं होतं.

आठवडाभर दुकानातून काच कापल्याचा आवाज येत राहिला. बाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. एका शाळेने ऐन वेळी कॉलरचा रंग बदलला होता. शनिवारी दुपारी नवरा आणि समोरचा वेल्डर टाकी उचलून आत घेऊन आले, वेल्डरनेच जोडलेल्या नव्या स्टँडवर ठेवली, पाणी भरलं, पंप लावला. वेल्डर गेला. दोघांनी मिळून साहेबांना जाळीत घेऊन नव्या घरात सोडलं.

साहेब सरळ पुढे गेले. छान गेले. पलीकडच्या काचेपर्यंत पोचले आणि वळायला लागले, तर तोंड एका काचेला आणि शेपूट दुसऱ्या काचेला. त्यांनी अंग वाकवलं, तरी सुटेना. शेवटी चिंचोळ्या बोळात शिरलेला ट्रक जसा मागे येतो तसे साहेब शेपटीकडून, कल्ले हलवत, हळूहळू उलटे मागे आले. पहिल्या टोकाला पोचले. थांबले. बाईंकडे बघितलं.

“शिकला बघ,” नवरा कौतुकाने म्हणाला.

बाईंनी टेप काढला. लांबी साडेतीन. रुंदी फूटभर. त्यांनी पुन्हा मोजलं, कारण माणूस इतका आंधळा असू शकेल यावर त्यांचा विश्वास बसेना. फूटभर रुंद टाकी आणि जवळपास फूटभर लांब मासा. दोन फुटांची टाकी होती तिची आता साडेतीन फुटांची झाली होती, आणि अडचण होती तिथेच होती, फक्त लांबली होती. आगीतून फुफाट्यात. बाईंच्या मनात आलं की या माणसाला याच टाकीत आडवं घालावं आणि वळून दाखव म्हणावं.

मग जे भांडण झालं ते तीन घरांपर्यंत ऐकू गेलं असणार. बाईंनी विचारलं की मी काय सांगितलं होतं. तो म्हणाला, चार बाय दीड, अर्धा फूट सोडून. बाई म्हणाल्या, मग? तो म्हणाला, मग काय, सोडला. चारातून अर्धा गेला, साडेतीन. दिडातून अर्धा गेला, एक. आणि वर त्याने हेही सांगितलं की त्याला वाटलं बाईंनी जागेचं माप दिलंय, चौकटीचं देतात तसं, आणि हात घालायला, वायर काढायला अर्धा फूट मोकळा ठेवायला सांगितलाय. त्याच्या धंद्यात सोडणं म्हणजे कमी करणं. बाई म्हणाल्या, सोडा म्हणजे सोडा, वर सोडा, जास्त सोडा. साडेचार बाय दोन. शिवणकाम करणाऱ्या बाईबरोबर जन्म काढला आणि माया सोडणं म्हणजे काय ते या माणसाला कळलं नाही. तो म्हणाला, तू माया म्हणालीच नाहीस. बाई म्हणाल्या, म्हणाले होते. तो म्हणाला, टाचण्या म्हणाल्या असतील.

आणि मग तो त्याचं नेहमीचं सुरू करायला लागला, की शेवटी काच थोडी कमीच असलेली बरी, मोठी झाली की बसत नाही, तडकते.

“काच एकदा कापली की तेवढीच राहते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. “मासा वाढतो. पोरगी वाढते. वाढणाऱ्याचं माप असं कमी करून घेतात का? तुम्ही तिलाही असंच मोजलंत. गेली ना ती?”

नवरा टेप घेऊन दुकानात गेला. बाईंनी एका हाफपँटीला उलटी चेन लावली, उसवली, आणि पुन्हा उलटीच लावली.

संध्याकाळी तो परत आला आणि जागा मोजायला लागला. मान खाली, टेप हातात. पुढच्या खोलीची भिंत मोजली, तिथे सोफा. त्यांच्या खोलीची मोजली, तिथे कपाट. बाईंनी मशीनवरूनच सांगितलं की साडेचार बाय दोनला या घरात एकच जागा आहे, लेकीच्या खोलीत, पलंग काढला तर. नाहीतरी तो पलंग वर्षभर रिकामाच आहे, हेही त्यांनी मुद्दाम म्हटलं. अजून पोट भरलं नव्हतं त्यांचं.

“पलंग हलवायचा नाही,” तो म्हणाला.

“का?”

“ती आली तर झोपेल कुठे?”

वर्षभर या माणसाने लेकीचं नाव घेतलं नव्हतं. वर्षभर बाई समजत होत्या की त्या खोलीचं दार तो रागाने लावून ठेवतो. आणि हा तिथे रोज जाऊन पलंगाची धूळ झटकत होता की काय, कोण जाणे. धूळ नव्हती एवढं खरं, आणि बाईंनी झटकलेली नव्हती. त्यांना रडूही आलं आणि त्याच्या डोक्यात पट्टी घालावीशीही वाटली. माणसाने एवढं मनात ठेवावं आणि तोंडाने मात्र दोन सूत कमीच बोलावं, याला काय म्हणावं?

शेवटी सोफा गेला. वेल्डरच्या वहिनीला कधीचा हवा होता. त्यावरचे गणवेश बाईंनी स्वयंपाकघरात नेऊन रचले.

जागा झाली, पण नवरा पुन्हा डोकं खाजवत उभा. आता काय, असं बाईंनी विचारलं. तो अडखळत म्हणाला की एवढी मोठी टाकी त्याने कधी बांधलेली नाही. पाण्याचा भार केवढा होईल, काच किती जाड लागेल, त्याला अंदाज नाही. पातळ लावली तर मध्येच पोट काढेल, आणि फुटली तर पुढची खोली आणि दुकान, दोन्हींत तळं होईल. आयुष्यभर काचेत काढलेल्या माणसाला हे कबूल करणं किती जड गेलं असेल ते बाईंना त्याच्या कानांवरून कळलं. लाल झाले होते. मग कुणाला विचारायचं, असं त्यांनी साळसूदपणे विचारलं. तो म्हणाला, बघतो, विचारतो कुणालातरी. ज्या एका माणसाला विचारायचं, त्याचं नाव दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी सकाळी फोन वाजला. नवरा सवयीने फडकं घेऊन बाईंच्या मागे येऊन उभा राहिला. बाईंनी फोनकडे बघितलं, मग टेबलावरची टाचण्यांची डबी उघडली आणि एकेक करून चांगल्या मूठभर टाचण्या दातांत धरल्या. मग हाताने तोंडाकडे खूण केली, म्हणजे बघा, माझा काही इलाज नाही. फोन वाजत राहिला. नवऱ्याने बाईंकडे असे डोळे वटारले की त्यापेक्षा साहेब बरे. पण बाई पँटच्या कडा टाचण्यात मग्न होत्या. तिसऱ्यांदा वाजून थांबेल असं वाटलं तेव्हा त्याने फोन उचलला आणि कानापासून लांब धरला, जसा काही तो चावेल.

“आई, गाडी—”

“मी आहे.”

पंपाची बुडबुड तेवढी चालू होती.

“साडेचार बाय दोन,” तो अखेर म्हणाला. “उंची पावणेदोन फूट. काच किती जाड घेऊ?”

लेकीचा आवाज आधी जरा बिचकत आला, पण प्रश्न धंद्याचा होता, त्यामुळे सरळ झाला. बारा एमएम घ्या, म्हणाली. खालची एकसंध घ्या, जोड नको. वरून कडेने काचेच्या पट्ट्या लावा, आणि मधोमध एक आडवी, म्हणजे पोट काढणार नाही. खाली थर्माकोल टाका. जुना स्पंज धुऊ नका, तसाच नव्या टाकीत घाला. तो प्रत्येक वाक्याला हं म्हणत होता. दोनदा त्याने पुन्हा विचारून घेतलं. बाईंनी त्याला कुणालाही पुन्हा विचारताना याआधी ऐकलं नव्हतं.

मग लेक म्हणाली, “एवढी मोठी कशाला पण? चार बाय दीडमध्ये भागलं असतं.”

“माया सोडलीय.”

“काय?”

“आईच्या पद्धतीने,” तो म्हणाला. “वाढत्या अंगाची.”

लेकीने विचारलं तेव्हा तिचा आवाज पार वेगळा झाला होता. माझ्या खोलीत ठेवणार का, असं तिने विचारलं होतं.

“नाही. सोफा काढला. तुझा पलंग आहे तिथेच आहे.” मग तो आणखी काही म्हणेल म्हणून बाई वाट बघत राहिल्या, आणि तो म्हणाला, “सिलिकॉन माझ्याने सलग भरलं जात नाही आता. मध्ये तुटतं.”

हे साफ खोटं होतं. पण खोटं बोलायला तो आयुष्यात पहिल्यांदाच शिकत होता, आणि बाईंना ते चाललं.

त्यानंतरचं बोलणं त्याने पाठ वळवून केलं, त्यामुळे बाईंना नीट ऐकू आलं नाही. तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकेपर्यंत त्याने फोन ठेवलासुद्धा. तो टाकीपाशी जाऊन उभा राहिला. साहेब पलीकडच्या टोकाला पोचले होते आणि आता शेपटीकडून उलटे यायला लागले होते.

“काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

“शुक्रवारी येते म्हणाली. सांधे ती भरेल.”

“किती दिवस राहणार?”

“दोन.” त्याने काचेवर बोट टेकलं. साहेबांनी ते चावायचा प्रयत्न केला. “तू दोन धर आणि वर काही सोडून ठेव.”

बाई मशीनवरून उठल्या. या वेळी कुठलीही चूक त्यांना परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी समोर जाऊन, एकेक शब्द सुटा करून विचारलं.

“सोडून म्हणजे कमी, की जास्त?”

“तुझ्या मापाने,” तो म्हणाला.